एकाच वाटीतलं तेल

पाटोदा, ता. ३ नोव्हेंबर

नंदे,

अक्षर बघून पत्र फाडू नकोस. अक्षर तुझ्या आईचं आहे, बोलणं माझं आहे. तांब्या तिचा, पाणी माझं. तहान असेल तर पी, नसेल तर उशाला ठेव.

दुसरं कुणी लिहून देणारं मिळालं नाही. तुझ्या बापाचं अक्षर म्हणजे सांडलेल्या गुळाला मुंग्या लागाव्यात तसं, आणि दोन ओळींत त्याला झोप येते. बाहेरच्या कुणाला सांगावं तर आपली गोष्ट तुझ्याआधी बाजारात पोचायची. राहिली तुझी आई. ती म्हणाली, आत्याबाई, लिहून देते, पण माझ्याबद्दल एक शब्द सांगायचा नाही. मी म्हणलं, बरं. मी कशाला बरं म्हणते हे तिला एवढ्या वर्षांत कळलेलं नाही, याला मी काय करू.

आणखी एक. मी 'न्हाई' म्हणते, ही 'नाही' लिहिते. बारावी झालेली सून केली की सासूचं बोलणंसुद्धा धुऊन वाळत घातलं जातं. 'लई' तेवढं राहू दे म्हणलंय. बघ राहिलंय का.

फोनवर बोलले असते, पण माझा आवाज ऐकलास की तुझा फोन आपोआप बंद पडतो. बापाचा घेतेस. "बरी हाय का?" "बरी हाय." झालं. पेंडीच्या पोत्याशीसुद्धा तो याच्याहून जास्त बोलतो.

तर दसऱ्याचं. तू तुझ्या त्या बोलिंगच्या खेळाचे दोन गोळे पिशवीत घालून सुट्टीला आलीस. ते घरी ठेवून मधे बीडला मैत्रिणीकडं, स्वप्नाकडे गेलीस. दसऱ्याला परत येऊन पिशवी उघडलीस तर मोरपंखी रंगाचा नवा गोळा चिकट झालेला, तेलाचा वास मारतोय. सोनं द्यायला आलेली माणसं बसलेली होती. त्यांच्यादेखत तू आईला बोललीस ते बोललीस. आई म्हणाली, "बरं झालं." तू त्याच रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेलीस. एवढं तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. मी तिथंच बसले होते, हातात आपट्याचं पान घेऊन. आणि मी हसले होते, तेही तू बघितलंस.

हसू कशाचं आलं सांगते. आपल्या घरात तेल लागलं म्हणून कुणी रडलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. घाण्याची माणसं आपण. आपल्या दाराच्या कडीलासुद्धा बोट लावलं तर घसरतं. मला वाटलं, पुसलं की झालं. तुझं तोंड बघून हसू आत गिळायला पाहिजे होतं, ते बाहेर पडलं. अजून कुठंतरी तिथंच पडलेलं असेल.

दिवाळी तुझ्यावाचून झाली. पहिल्या अंघोळीला तुझ्या आईनं दोन वाट्या तेल कोमट केलं. एक तुझ्या बापाला दिली. दुसरी कुणाची, ते मी विचारलं नाही. गार होईस्तोवर ती चुलीशी तशीच होती. हे सांगताना ती म्हणाली, हे कशाला. मी म्हणलं, लिही. लिहिलं का नाही कोण जाणे. मला काय वाचता येतंय.

पुण्यात तुझ्या खेळाची निवड होणार होती, तिचं काय झालं? आणि एवढं सांग, एक गोळा बिघडला तर दुसरा होता की. दोघांत फरक तरी काय? ज्याच्यापायी लेकरू घर सोडतं तो जिन्नस कसला, हे म्हातारीला कळू दे. माझं नाव दगडाबाई. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून मरणानं ढुंकून बघू नये असं नाव ठेवलं. दगडाबाईची नात धोंडे टाकायला निघाली यात नवल नाही, पण धोंड्यांची जात तरी समजावून सांग.

तुझी आजी


पाटोदा, ता. २४ नोव्हेंबर

नंदे,

तुझं पत्र आलं. वरती 'फक्त आजीसाठी' असं लिहिलं होतंस म्हणे. फक्त आजीसाठी लिहिलेलं पत्र आजीला वाचायचं कुणी, हा विचार तू केला नाहीस. का केला होतास?

तुझ्या आईनंच वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक ओळ न गाळता. 'आईनं मुद्दाम केलं' हे तिनं लग्नपत्रिका वाचावी तसं वाचलं. 'तिला माझं काहीच सहन होत नाही' हेही वाचलं. मधे फक्त एकदा थांबली, तेव्हा मी म्हणलं, चष्मा पूस. तिनं पुसला. पुढं वाचलं. तुला वाटत असेल, आजीनं मुद्दाम वाचायला लावलं. मीपण मुद्दाम करू शकते, बाई. घराण्यातच आहे.

निवड हुकली हे ऐकून वाईट वाटलं. पुढं काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून गोळ्यांचं बोलते. तुझं म्हणणं मला कळलं ते असं. चुकलं तर सांग.

तुमच्या त्या लांब पट्टीवर खेळाआधी तेल मारलेलं असतं. (इथं मी आईला थांबवून परत वाचायला लावलं. तेलाच्या घरातून पळून गेलीस ती तेलावरच जाऊन उभी राहिलीस, नंदे.) अलीकडं तेल, पलीकडं बाटल्यांजवळ कोरडं. तू त्यांना पिना म्हणतेस, मला त्या बाटल्याच दिसतात. तुझा जुना राखी गोळा युरेथेनचा. त्याचं कातडं बंद. तेल आत घेत नाही, वरच्या वर पुढं ढकलतो. हातातून सुटला की पहिल्यापासूनच हळूहळू वळायला लागतो, कुठं जाणार ते आधी कळतं. मोरपंखी, ज्याला तू रिॲक्टिव्ह रेझिन म्हणतेस, त्याच्या अंगभर बारीक तोंडं. तो तेल पितो. तेलावरून सरळ घसरत जातो, आणि शेवटी कोरडं लागलं की एकदम पकड घेऊन वळतो नि बाटल्यांत घुसतो. म्हणून तेल थोडक्यात मारलेलं असलं की राखी बरा, तिथं मोरपंखी आवरत नाही. तेल लांबवर मारलेलं असलं की मोरपंखीच पाहिजे, तिथं राखीला शेवटी जोर उरत नाही. मोरपंखी नाजूक. दर खेपेला फडक्यानं पुसायचा, खेळून झालं की धुवायचा, आत मुरलेलं तेल अधूनमधून गरम पाण्यात बसवून काढायचं. नाहीतर तो मरतो.

मेलेला गोळा. मी हसले नाही बरं का या वेळी.

आणि त्या दिवशी नेमकं तेल लांबवर मारलेलं होतं. तुझ्या हातात राखीच होता. गोळा बाटल्यांपर्यंत जायचा आणि कोपऱ्यातली एक उभी राहायची. परत टाकायचा, परत एक उभी राहायची. ते तू लिहिलंस ते मला डोळ्यांपुढं दिसलं. लग्नात सगळी उठून गेल्यावर एकटाच बसलेला पाहुणा असतो ना, तशी ती बाटली.

मोरपंखी तू कोमट पाण्यात साबण घालून बसवलास, घासलास, तरी तो बरा झाला नाही म्हणतेस. होणार नाही. तुमच्या पट्टीवरचं तेल वेगळं असेल. आपलं करडईचं. ते उन्हात राहिलं की वाळतं, घट्ट होतं, त्याचा डिंक होतो. घाण्यावर जन्मलेल्या पोरीला हे सांगायला नको. त्या बारीक तोंडांत डिंक भरला. आता ती तोंडं उघडायची नाहीत.

मी तुझ्या आईला म्हणलं, या दोन गोळ्यांतला तू कोणता आणि ती कोणता, हे मला विचारू नकोस. ती म्हणाली, कुणी विचारलंय?

मागच्या बुधवारी पोलीस ठाण्यातला माणूस आला होता. आम्हाला वाटलं, घाण्याचा आवाज कुणाला सोसला नाही. तर पासपोर्टची चौकशी. राजनंदिनी बिभीषण इथंच राहते का? तुझा बाप म्हणाला, राहत होती. त्या माणसानं विचारलं, म्हणजे राहते का नाही ते सांगा, मला लिहायचंय. तेव्हा तुझी आई आतून म्हणाली, "राहते. तिची पेटी हाय, तिचं पांघरूण हाय. राहते लिवा." त्यानं चहा घेतला आणि जाताना सांगितलं, दुबईचं दिसतंय. गोळ्यांच्या तसल्याच खेळाचं तिथं मोठं ठिकाण आहे, तिथं नोकरी. हे आम्हाला पोलिसाकडून कळलं, नंदे. चांगलं आहे. चोरी केली असतीस तरी त्याच्याकडूनच कळलं असतं.

आता तुझ्या पत्रातली एक गोष्ट माझ्या दाढेखाली खड्यासारखी आली आहे. तू लिहितेस, राखी गोळा कोरडा होता, त्याला बोटही लागलं नव्हतं. म्हणजे आईनं दोघांतला नवा, महागाचा बघून धरला. म्हणून ते मुद्दाम. असंच ना? तू आलीस त्याच दिवशी ती म्हणाली होती की, चांगलं स्थळ नको म्हणतेस, तुझे हे धोंडेच नेऊन विहिरीत टाकते. तू ते याच्याशी जोडलंस. जोडणारच. मीही जोडलं असतं.

हे मी आत्ता तुझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, दूध उतू जाईल. दूध सकाळीच तापवून झालंय. पण गेली उठून, आणि आता आलीय ती फक्त पत्र संपवायला.

तेव्हा संपवते.

तुझी आजी


पाटोदा, ता. १५ डिसेंबर

नंदे,

हे पत्र तीनदा बसून लिहिलंय. दोनदा तुझी आई उठून गेली. तिसऱ्यांदा मी म्हणलं, राहू दे, मी पोस्टातल्या बाबूकडून लिहून घेते. तो मोठ्यानं वाचत लिहितो, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल. ती बसली. सुनेला धाक दाखवायची हौस माझी या वयात फिटली. यात आनंद झाला असं मात्र नाही.

तू बीडला गेलीस त्या दिवसाचं सांगते. तू घरी नव्हतीस, म्हणून तुला माहीत नाही.

आदल्या संध्याकाळी, ते विहिरीचं बोलणं झाल्यावर, आपण जेवायला बसलो. तू भाकरी मोडायला गेलीस आणि कळ येऊन तुझ्या तोंडातून नुसता वारा निघाला. अंगठ्याला पट्टी होती. तू म्हणालीस, काही नाही, कातडं गेलंय. आईनं तुझ्या ताटातली भाकरी ओढून घेतली आणि दुधात कुस्करून दिली. तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हता, पण तू खाल्लीस. त्या वेळी तिनं तुझा हात बघितला. पट्टी सुटलेल्या जागी घट्टा होता, बोटांच्या मुळाशी पण होते. तसले घट्टे आपल्याकडं घाण्याची लाकडी लाट ओढणाऱ्यांच्या हाताला असायचे, मोटर यायच्या आधी. तुझ्या आजोबांचे होते.

तू बीडला गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. निवडायला तांदूळ घेतले होते, निवडत नव्हती. म्हणाली, "आत्याबाई, ज्यानं हाताला घट्टे पडतात, ते खेळणं असतंय का हत्यार?"

मी म्हणलं, "हत्यार."

दुसरं काही मी म्हणले नाही. आता वाटतं, दुसरं काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. आधी पोरीला विचार, एवढं तरी.

(इथं ती थांबली आहे. मी वाट बघते आहे. बाहेर बकरी ओरडते आहे. हं. लिही.)

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तुझ्या बापानं दरवर्षीसारखी हत्यारं मांडली. लाट धुतली, पहार, मापं, तागडी. तुझ्या आईनं खाटेखालून तुझी पिशवी ओढली, दोन्ही गोळे काढले आणि मापांच्याही पुढं, मधोमध ठेवले. तुझा बाप बघत राहिला. ती म्हणाली, पोरीची हत्यारं. त्यानं पहार थोडी बाजूला सरकवली, गोळ्यांना जागा केली. तुझ्या बापाचं एवढंच भाषण असतं.

मग तिनं ते लहान बरणीतलं तेल काढलं. पहिल्या घाण्याचं. तुला माहीत आहे ते कशाला असतं. घाण्याच्या पूजेला आणि घरात लेकरू जन्मलं तर त्याच्या टाळूला, तिसऱ्या कशाला आपण ते वापरत नाही. तुझ्या टाळूला तेच घातलं होतं. ते वाटीत घेतलं आणि दोन्ही गोळ्यांना चोळलं, नंदे. दोन्हींना. एका वाटीतलं, एका हातानं, सारखंच. राखीला आधी, कारण तो जुना. मान त्याचा. मग मोरपंखीला. हळदीकुंकू लावलं. आणि बोटं घालायची ती तीन तीन भोकं रिकामी बघवेनात, म्हणून तिनं त्यांत झेंडू खोवला. डोळ्यांत फुलं खोवलेली दोन मुंडकी, असं मी म्हणलं. ती हसली. त्या आठवड्यात एकदाच हसली, ते तेव्हा.

नवमीला मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं. ती गोष्टही तुला सांगायला नको. घाण्यापुढं दुपारपर्यंत ऊन असतं. एक दिवस आणि एक सकाळ ते दोघं उन्हात बसून राहिले.

दसऱ्याला पूजा उचलली. हळदीकुंकू लावलेलं तुला दिसलं तर गावठीपणा केला म्हणशील, म्हणून तिनं फुलं काढली, फडक्यानं दोन्ही पुसून घेतले, पिशवीत भरले. राखी आधीसारखा स्वच्छ निघाला. मोरपंखी हाताला चिकटला. तिला वाटलं, हळद आहे, पाहुणे गेले की धुऊ. तेवढ्यात तू आलीस.

आता तूच लिहिलेलं तुला परत सांगते. एक तेल पितो, एक पीत नाही. मग, पोरी, दोघांना सारखं लावलं तर कोण कोरडा दिसेल? आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. तुला सगळं माहीत होतं, आणि तुला आईचं तेवढं माहीत नव्हतं.

हे तुला लाजवायला सांगत नाही. गोळा तिच्याच हातानं मेला, तुझी निवड त्यामुळंच हुकली, ते खोटं होत नाही. मायेनं लावलेलं तेल आहे म्हणून त्याचा डिंक व्हायचा राहत नाही.

तू त्या दिवशी म्हणालीस, तेलकट हातांना कशाची किंमत कळणार. म्हणून ती "बरं झालं" म्हणाली. ते 'बरं झालं' गोळ्याला नव्हतं. कशाला होतं, ते तिला विचारलं तर म्हणते, काही नाही, आलं तोंडातून. तोंडातून आलेलं आत घेता येत नाही. तिचंही, तुझंही. आणि मधे बसून हसणारीचंही.

दुबईला जायच्या आधी ये. समजूत घालायला नको येऊस. भांडायला ये, पण ये. भाकरी ती कुस्करून देईल.

तुझी आजी


पाटोदा, ता. १२ जानेवारी

नंदे,

एसटीच्या पार्सलनं तुझं खोकं आलं. तुझा बाप स्टँडवरून घेऊन आला आणि ओट्यावर ठेवलं तेव्हा ओटा हलला. मला वाटलं, चला, दुबईचं सोनं आलं.

आईनं खोकं फोडलं. मोरपंखी गोळा. वर तुझी चिठ्ठी. तिनं वाचली. "आजी, पत्र उशिरा मिळालं. उद्या पहाटे निघते, येता येत नाही. मोरपंखीच्या अंगठ्याच्या भोकात झेंडूची वाळलेली पाकळी सापडली. राखी सोबत नेते आहे." आणि खाली तिथला पत्ता. बाकी काही नाही. गोळ्याच्या तिन्ही भोकांत तू झेंडूची फुलं खोवून पाठवली होतीस. प्रवासात सुकली होती, पण रंग होता.

तुझी आई उठली, घाण्याकडं गेली आणि मोटर चालू केली. घाण्यात काही नव्हतं. रिकामा घाणा फिरवला की लाट झिजते, नवीन आल्या दिवशी मीच तिला ते शिकवलं होतं. तरी फिरवू दिला. आवाजाखाली माणसाला काय काय करता येतं, ते मलाही माहीत आहे. बऱ्याच वेळानं मोटर बंद झाली. तोंड धुऊन आली.

आता उशिराचं सांगते. पत्र उशिरा मिळालं यात पोस्टाची चूक नाही. पंधरा डिसेंबरला लिहिलेलं पत्र तुझ्या आईनं पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि देवघरातल्या फळीवर ठेवलं. बाजाराला जाताना रोज न्यायची आणि परत आणायची. मला म्हणायची, टाकलं. नाताळ होऊन नवं वर्ष लागायला आलं तेव्हा देवाची फुलं काढताना माझ्या हाताला पाकीट लागलं. वाचता येत नसलं तरी मला चाटलेल्या पाकिटाची कड कळते. मी विचारलं. ती म्हणाली, "पोस्टाच्या पेटीपाशी गेलं की हात वर होईना, आत्याबाई. वाटायचं, तिनं वाचलं आणि तरीबी न्हाई आली, तर?"

या भीतीनं तिनं ते ठेवून घेतलं, सापडल्यावर टाकलं गेलं तोवर उशीर झाला, आणि म्हणून तू आली नाहीस. वेळेवर टाकलं असतं तर तू आली असतीस. आता हे मला कळतं, तिला कळतं, आणि हेही तिच्याच हातानं लिहिलं जातंय. मी तिला खूप बोलायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि दसऱ्याचं माझं हसू आठवलं. आमच्या घरात योग्य वेळेला योग्य गोष्ट करणारं कुणीच नाही. तुझा बाप पहार सरकवून गप्प बसतो, मी हसते, ही पत्र फळीवर ठेवते, आणि तू गाडीला बसतेस. एका घाण्याची पेंड आपण सगळी.

मोरपंखी गोळा कुठं ठेवायचा यावर चर्चा झाली. तुझा बाप म्हणाला, तागडीजवळ. मी म्हणलं, माझ्या खाटेखाली, चोर आला तर पायावर टाकता येईल. तुझ्या आईनं कुणाचं ऐकलं नाही. घाण्यापुढं, नवमीला जिथं बसवला होता तिथंच ठेवलाय. भोकांतली सुकी फुलं काढू देत नाही. गिऱ्हाईक विचारतात, हे काय? ती सांगते, पोरीचं हत्यार. आता तो कशाच्याच कामाचा नाही, पण विचारणाऱ्याला ती तेवढंच सांगते. काल एका बाईनं विचारलं, म्हणजे पोरगी करते काय? तर तुझ्या आईनं तिला तेल मोजून देता देता पट्टी, लांबवरचं तेल, थोडक्यातलं तेल, बंद कातड्याचा आणि पिणारा, सगळं सांगितलं. ती बाई दोनदा उठायला गेली. तिला उठू दिलं नाही. तुझं पत्र हिनं किती वेळा वाचलं असेल ते त्यावरून ओळखावं. माझ्यापुढं तर एकदाच वाचलं होतं.

तुला परदेशात एकट्या राखीवर खेळणं जड जात नसेल ना? तिथल्या पट्ट्यांवर तेल लांबवर मारतात का थोडक्यात, ते कळव. थोडक्यात मारत असतील तर बरं. राखीचं निभेल, कुठं जाणार ते आधी कळतं म्हणतेस. आपल्यातल्या कुणाचंच तसं कळत नाही.

माझं संपलं. तुझ्या आईला म्हणलंय, कागदावर जागा उरली असेल तर तुझं तू काहीतरी लिही. ती म्हणते, काय लिहू. मी म्हणलं, मला सांगू नकोस. पाकीट आज तुझा बाप टाकेल, मी पेटीपर्यंत त्याच्याबरोबर जाणार आहे. यापुढं जे असेल ते मी सांगितलेलं नाही, आणि मला ते वाचता येणार नाही.

तुझी आजी


नंदे, दसऱ्याला येताना राखी गोळा आण. त्याला तेल लावलं तर चालतं का, तेवढं आधी कळव.